दुर्गाच्या बारा नळ्या

एप्रिलमध्ये काळेवाडीच्या उतारावर पवनेचं पाणी गुडघ्याच्या खाली असतं.

*

चाकणच्या बाजारात मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन.

*

प्लॅटिनमची तार, लांबी दोन इंच, काचेच्या दांडीत बसवलेली. दागिन्यांच्या डब्यात ठेवायची नाही.

*

आमच्या कारखान्यात बाटली सात वेळा धुतात.

*

कुजलेल्या अंड्यांचा वास लुगड्यातून एका धुण्यात जात नाही.

*

फुटका तुकडा दाखवा, नवी नळी घ्या.

*

जांभळा.

*

आता सरळ सांगतो. फार वेळ सरळ सांगता येणार नाही, कारण ज्या सहा तासांबद्दल सांगायचं आहे त्या सहा तासांत मी तिथं नव्हतो.

दुर्गा माझी बायको. तिचे वडील चाकणला कांद्याच्या बाजारात मापाडी. आमचं लग्न ठरलं तेव्हा ती इंटर सायन्स पास झालेली होती, आणि तिच्या वडिलांनी बैठकीत एकच अट घातली: पोरगी बी.एस्सी. पुरी करील, रसायनशास्त्र घेऊन. माझ्या आईनं, सोजराबाईनं, त्या अटीवर आपली अट चढवली.

"शिकू द्या की. पर परीक्षा एकदाच. पास झाली तर फुडं काय शिकायचं ती शिकंल, मी आडवी येनार न्हाई. नापास झाली तर पेटी माळ्यावर."

बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. दुर्गा आतल्या खोलीत होती. तिला कुणी विचारलं नाही, पण नंतर ती मला म्हणाली, "अट बरोबर आहे. मोजमाप ठरलेलं असलं की वाद होत नाही."

मापाड्याची मुलगी.

पुढचं शिक्षण म्हणजे एम.एस्सी., आणि एम.एस्सी. म्हणजे गणेशखिंडीतलं विद्यापीठ. कॉलेजला जायला लागली त्या पहिल्याच महिन्यात एके दिवशी ती शिवाजीनगर स्टेशनवरून पायी तिकडे जाऊन आली. आत गेली नाही. फाटकापाशी उभी राहिली, बघितलं, परत आली. "झाडं फार आहेत," एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून ती कुठं निघाली आहे हे मला ठाऊक होतं.

पेटी

शिसवी नव्हे, साधी देवदारी. आत:

बारा परीक्षानळ्या. प्लॅटिनमची तार. लाकडी चिमटा. काचेची छोटी बशी, जिच्यात तीव्र आम्ल घेऊन तार बुडवायची. निळ्या काचेचा तुकडा, बोटाएवढा. एक फडकं.

त्या काळी विद्यार्थ्याची सामग्री विद्यार्थ्यानंच बाळगायची. दुर्गा पेटी कमरेवर घेऊन नदीचा उतार ओलांडायची, पिंपरी स्टेशनला लोणावळ्याहून येणारी गाडी पकडायची. गाडीत बायका विचारायच्या, "बांगड्या हायत का ग?" पेटी कासाराच्या पेटीसारखी दिसायची. पहिल्या वर्षी ती समजावून सांगायची. दुसऱ्या वर्षी म्हणायची, "काच आहे, मावशी, पण हातात भरत नाही."

वर्ग

चाळीस मुलगे आणि दुर्गा. तिच्या गळ्यात मंगळसूत्र, म्हणून सगळे तिला वहिनी म्हणत. ती सगळ्यांना भावजी म्हणे. प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात ते भांडं असे ज्यातून अंड्याच्या वासाचा वायू येतो. तो वायू द्रावणात सोडला की धातू साका होऊन खाली बसतात, काळे, पिवळे, नारिंगी, पांढरे.

"वहिनी, आज काय करपलं?"

"करपलं नाही, भावजी. जस्त खाली बसलंय. तुमचं अजून वरच तरंगतंय का?"

हे सगळं ती घरी येऊन मला सांगे. मी चूळ भरत ऐकत असे, पाळी संपवून आलेला. मी पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात मुकादम होतो. मॅट्रिक. तिच्या बोलण्यातलं अर्धं मला कळत नसे, पण ती सांगत असताना तिचे हात काय करतात ते मी बघत राही. हवेत नळी धरलेली असायची. तिरकी. तोंड माणसाकडे नाही.

एकदा ती ब्युरेटमधून थेंब मोजत होती. सर मागे येऊन उभे राहिले तरी तिला कळलं नाही. तोंडानं चाललेलं, "लाभ. दोन. तीन." सरांनी विचारलं, हे काय? तिनं सांगितलं. सर म्हणाले, "पहिल्या थेंबाला एक म्हणण्यापेक्षा हे बरं आहे." पुढच्या आठवड्यापर्यंत चाळीस मुलगे लाभ म्हणून थेंब मोजायला लागले होते.

आई आणि पेटी

आईनं दोन वर्षं त्या पेटीला हात लावला नाही.

"त्यात इख हाय."

"आत्याबाई, रिकाम्या नळ्या आहेत."

"इख गेल्यालं भांडं रिकामं नसतं."

या वाक्यावर दुर्गा खूप वेळ विचार करत बसली होती. मला म्हणाली, "आमचे सर हेच सांगतात. फक्त त्यांना अर्धा तास लागतो."

कॉलेजातून आल्यावर अंगावर पाणी घेतल्याशिवाय दुर्गाला चुलीजवळ जायची परवानगी नव्हती. वासाचं लुगडं वेगळ्या दांडीवर. पेटी ओसरीवर, कोनाड्यात, देवापासून सगळ्यांत लांब. भांडण असं कधी झालं नाही. आई तिला वेळेवर जेवायला घाली, गाडी चुकू देत नसे, आणि पेटीच्या बाजूनं चालताना पदर सावरून घेई.

रविवार

परीक्षेच्या आदल्या दिवशी, १९५७ च्या एप्रिलमधल्या एका रविवारी, दुर्गा पुस्तक घेऊन नदीकाठी करंजाखाली गेली. घरात आई एकटी. मी पहिल्या पाळीला.

मी तीनच्या सुमाराला घरी आलो तर ओसरीवर, ओल्या धडप्यावर, बारा नळ्या पालथ्या. ऊन पडलेलं. मी माझ्या खात्यात दिवसाला हजारो बाटल्या बघतो, पण अशी काच मी बघितली नव्हती. नळ्यांच्या बुडांना दोन वर्षांचा काळपट डाग होता, तो गेला होता. बशी लखलखत होती. तारेची दांडीसुद्धा. आणि आई भिंतीला टेकून बसलेली, बोटं काळी, चेहरा असा की काही विचाराल तर खबरदार.

"आई, हे तू?"

"मग काय गावानं घासलं? काळी बुडं घिऊन परीक्षेला जाती व्हय कुनी? पोरीच्या जातीला लोक आधी भांडीच बघत्यात."

मी नळी उचलून उन्हात धरली. म्हणालो, "आमच्या साहेबाला कळलं तर तुला उद्या कामावर घेईल."

हे वाक्य मी बोललो. बाटली सात वेळा धुवायची, शेवटचं पाणी ऊर्ध्वपातित, हे रोज चाळीस बायांना ओरडून सांगणारा मुकादम. मला काही सुचलं नाही. आईनं त्या पेटीला हात लावला एवढंच मला दिसत होतं.

दुर्गा आली, तिनंही तेच बघितलं. वाकून आईच्या पायाला हात लावला. आई म्हणाली, "उठ. आंगावरनं पानी घी."

सोमवार, सकाळी दहा ते दुपारी चार

हे मी पाहिलेलं नाही. अर्धं दुर्गानं सांगितलं, एकदा नव्हे, पुष्कळदा. उरलेलं रहिमानमियांनी सांगितलं. रहिमानमिया त्या प्रयोगशाळेचे परिचर, काचसामानाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. दोघांच्या सांगण्यात फरक आहे तिथं मी दुर्गाचं धरलं आहे, एक जागा सोडून.

प्रत्येकाला एक पुडी मिळते. पुडीत पांढरी भुकटी. भुकटीत क्षारांचं मिश्रण. त्यात काय काय आहे ते सहा तासांत ओळखायचं. घटक चार असू शकतात, पाच असू शकतात, सहा असू शकतात. एक कमी लिहिला तरी गुण गेले, एक जास्त लिहिला तरी गुण गेले. बाहेरून आलेले परीक्षक पाठीमागे हात बांधून फिरतात. वहीवर तीन रकाने: प्रयोग, निरीक्षण, अनुमान. खोडायचं झालं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.

*प्रयोग:* भुकटीवर सौम्य आम्ल.
*निरीक्षण:* थोडे बुडबुडे.
*अनुमान:* कार्बोनेट.

थोडे. तिला ते थोडे आवडले नाहीत. कार्बोनेट असलं की फसफसून येतं, सोड्यावर लिंबू पिळल्यासारखं. चुन्याच्या निवळीतून तो वायू सोडला, निवळी गढूळ झाली म्हणवेना, झाली नाही असंही म्हणवेना. तिनं "थोडे" हा शब्द वहीत ठेवला आणि पुढे गेली.

*प्रयोग:* तार आम्लात बुडवून, भुकटी लावून, ज्योतीत. निळ्या काचेतून पाहणे.
*निरीक्षण:* जांभळा.
*अनुमान:* पोटॅशियम.

मला तिनं हे एकदा समजावलं होतं. प्रत्येक धातू ज्योतीला आपला रंग देतो. सोडियमचा पिवळा असा दांडगा की बाकी कुणाला बोलू देत नाही. म्हणून निळी काच डोळ्यापुढे धरायची. पिवळा काचेत अडकतो आणि मागे लपलेला पोटॅशियमचा जांभळा पुढे येतो. "गर्दीत मोठ्यानं बोलणाऱ्याला बाहेर बसवायचं आणि हळू बोलणाऱ्याचं ऐकायचं," ती म्हणाली होती.

दुपारपर्यंत चार घटक पक्के झाले. जस्त. मॅग्नेशियम. क्लोराइड. सल्फेट. साके भरपूर, शंका नाही. ही चारही नावं सांगताना ती आजही एकेक बोट दुमडते, लाभ, दोन, तीन, चार.

मग पोटॅशियमची शेवटची चाचणी, द्रावणातली. एक विशिष्ट औषध घातलं की पिवळा साका यायला हवा.

आला नाही.

वाट पाहिली. नळी हातात धरून ऊब दिली. काचकांडीनं आतून खरवडली. नाही.

शेजारच्या टेबलावरच्या मुलानं ओठ न हलवता विचारलं, "वहिनी, ज्योत काय म्हणते?"

"जांभळी."

"मग लिहून टाका की. ज्योत खोटं बोलत नाही."

"नळीसुद्धा बोलत नाही, भावजी."

अडीच वाजले होते.

पान उलटं वाचणं

इथं ती काय करते ते मला फार आवडतं. ती नवीन प्रयोग करत नाही. हात पुसते, वही समोर घेते, आणि खालून वर वाचायला लागते. तिच्या वडिलांची सवय. मापात घोळ आला की ते शेवटच्या गोणीपासून पहिल्या गोणीकडे येत.

सल्फेट, पक्कं. क्लोराइड, पक्कं. मॅग्नेशियम. जस्त. मग वर, पानाच्या माथ्याला, दोन कच्ची नावं. एकाखाली एक.

कार्बोनेट.
पोटॅशियम.

या दोन नावांवर ती थांबली. दोन्हीबद्दल शंका, आणि दोन्ही शेजारी. ही दोघं एकत्र कुठं राहतात? इंटरच्या पुस्तकात, आठव्या का नवव्या पानावर, लाकडाची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून जे मिळतं ते.

पोटॅशियम कार्बोनेट.

लाकडाची राख.

तिनं रिकामी नळी नाकाशी नेली. चुलीचा वास आला, असं ती म्हणते. हे मात्र मला पटत नाही. घासून, विसळून, रात्रभर वाळलेल्या नळीला चुलीचा वास कसा येईल? रहिमानमिया म्हणतात की तिनं नळी नाकाशी नेली नाही, गालाला लावली. मी त्यांचं धरतो.

कोरा प्रयोग

भुकटी नाही. काही नाही. फक्त तार, बशीतल्या आम्लात बुडवलेली. ज्योतीत.

निळी काच.

जांभळा.

काहीच नसताना जांभळा. बशी राखेनं घासलेली, म्हणून बशीतलं आम्ल राखेचं, म्हणून त्या आम्लात जितक्या वेळा तार स्वच्छ करावी तितक्या वेळा ती पुन्हा राखेची होणार. सकाळपासून ती आमच्या चुलीची परीक्षा घेत होती.

तिला त्या क्षणी राग आला का, असं मी विचारलं आहे. ती म्हणाली, "राग? नाही. मला इतकं बरं वाटलं. म्हणजे ज्योतही खरी होती आणि नळीही खरी होती. ज्योतीला राखेचा कणभर पुरतो, साक्याला पुरत नाही."

मी हे वाक्य कारखान्यात माझ्या खात्यातल्या बायांना सांगितलं होतं. त्यांतली एक, आक्काबाई म्हणून, म्हणाली, "तुमची बायको येडी हाय का शानी, मुकादम?" मी म्हणालो, अजून निकाल लागायचा आहे.

पण बरं वाटून पोटॅशियम जात नाही. राखेत पोटॅशियम आहे याचा अर्थ भुकटीत नाही असा होत नाही. दोन्हीत असू शकतं. बुडबुड्यांचंही तेच. स्वच्छ नळीत पुन्हा बघायला हवं. नळ्या तर बाराही राखेच्या. धुवायच्या तर ऊर्ध्वपातित पाणी हवं, आणि ते परीक्षेत प्रत्येकाला एकच बाटली. तिच्या बाटलीत बोटभर उरलं होतं. त्यात नळ्या धुवाव्यात किंवा प्रयोग करावेत. दोन्ही होणार नव्हतं. दुसऱ्याची नळी घेणं म्हणजे नक्कल.

रहिमानमियांच्या कपाटात नव्या नळ्या होत्या. आम्लात धुतलेल्या, भट्टीत वाळवलेल्या. नियम एकच, भिंतीवर त्यांच्या हातानं लिहिलेला: फुटका तुकडा दाखवा, नवी नळी घ्या.

तीन वाजायला दहा मिनिटं.

दुर्गानं पेटीतून तीन नळ्या काढल्या. आईनं घासलेल्या. मोरीच्या दगडी काठाशी गेली.

लाभ.

सगळी प्रयोगशाळा वळली.

दोन.

"वहिनींचे हात गेले," कुणीतरी म्हणालं.

तीन.

कपाटापाशी

रहिमानमियांनी तुकडे हातात घेतले, उलटेपालटे केले.

"बाई, दोन सालात एक नळी फुटली नाही तुमची. आज एकदम तीन?"

"फुटल्या नाहीत, रहिमानमिया. फोडल्या. पण तुकडे खरे आहेत की नाहीत?"

मला त्यांनी पुढे सांगितलं, ते न सांगताही त्यांना कळलं होतं. हातातून निसटलेली नळी बुडाशी फुटते. या तिन्ही मधोमध होत्या. तीस वर्षं काच सांभाळणारा माणूस. "मनात आलं, नाही म्हणावं. मग वाटलं, कायदा मीच लिहिला, त्यात फोडली की फुटली हे कुठं लिहिलंय?" त्यांनी कपाट उघडलं. तीन नळ्या फडक्यात धरून दिल्या, बोट न लावता.

परीक्षक तोवर जवळ आले होते. "हात थरथरतायत का तुमचे?"

दुर्गानं हात पुढे धरून दाखवला. थरथरत नव्हता.

एका नळीत आम्ल आणि तार. तार तापवली, बुडवली, तापवली, बुडवली, ज्योत कोरी होईपर्यंत. मग भुकटी. निळ्या काचेतून: काही नाही. दुसऱ्या नळीत भुकटी आणि सौम्य आम्ल: एकही बुडबुडा नाही. तिसरीत पिवळ्या साक्याची वाट, पुन्हा एकदा, बोटभर पाण्यातल्या शेवटच्या थेंबानिशी: स्वच्छ.

तिनं दोन ओळींवर एक एक रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. खाली नवा प्रयोग लिहिला, आणि अनुमानाच्या रकान्यात: *पात्रांमधील अशुद्धी*. चार घटक. चार वाजता वही दिली.

निकाल

निकाल इथंच सांगून टाकतो. जूनमध्ये लागला. दुर्गा पहिल्या वर्गात पास. प्रात्यक्षिकात तिच्या कॉलेजात सगळ्यांत वर. पेटी माळ्यावर गेली नाही, गणेशखिंडीत गेली. आईनं शब्द पाळला. आडवी आली नाही.

पण सोमवारी संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कपाटातल्या तीन नळ्या कॉलेजातच परत करून आल्यामुळे पेटीत बारा नळ्यांच्या ऐवजी नऊ होत्या.

सोमवार, दिवस मावळताना

एक गोष्ट राहिली. वही तपासताना परीक्षकांनी तिला बोलावलं होतं.

"या दोन ओळी का खोडल्या?"

"नळ्यांमध्ये राख होती, सर."

"राख? इथं?"

"घरची. नळ्या घरी राखेनं घासल्या होत्या." कुणी घासल्या ते तिनं सांगितलं नाही.

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी खोडलेल्या ओळी पुन्हा वाचल्या, तिसरा रकाना वाचला, मग चष्मा काढला.

"कोणत्या लाकडाची?"

या प्रश्नाचा तिनं विचार केला नव्हता. पोटॅशियम प्रत्येक राखेत सारखं नसतं. कुठल्या झाडाची, यावर आहे.

"ठाऊक नाही, सर. विचारून सांगते."

"सांगा," ते म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

ती घरी आली. पाणी घेतलं अंगावर. आईनं तोवर पेटी उघडलेली. दुसऱ्यांदा. नळ्या मोजल्या, मोजायला आईला शिकावं लागत नाही.

"बारा धाडल्या. नऊ आल्या."

मी दारात होतो. मला वाटलं, म्हणेल, फुटल्या. काच आहे, फुटते. आईनं मान हलवली असती आणि विषय संपला असता. मी डोळ्यांनी खूणसुद्धा केली.

"मी फोडल्या, आत्याबाई."

दुर्गानं सगळं सांगितलं. राख, बशी, तार, जांभळा. मोठमोठे शब्द न वापरता, पण काही न गाळता. आईचा चेहरा दगडाचा झाला. बोटांवर अजून कालचा काळा.

"म्हंजी मी घासल्या म्हनून तुजं चुकलं."

"चुकलं नाही. चुकणार होतं."

"म्हंजी माजी राख वाईट."

दुर्गा उठली. चुलीतली चिमूटभर राख घेतली. बशीत टाकली, वर कोनाड्यात पेटीमागे ठेवलेल्या छोट्या बाटलीतलं आम्ल. फसफसलं, चांगलं फसफसलं, सोड्यावर लिंबू पिळल्यासारखं. आई मागे सरकली, पण गेली नाही. दुर्गानं अभ्यासासाठी आणलेला स्पिरिटचा दिवा लावला. तार बुडवली. निळी काच आईच्या हातात दिली.

"डोळ्यापुढं धरा. दिव्याकडं बघा."

"मला काय दिसायचंय त्यात?"

"बघा तर."

आईनं काच धरली. दुसरा डोळा हातानं झाकला, सुई ओवताना झाकते तसा. दुर्गानं तार ज्योतीत नेली.

आई दिव्याकडे वाकली. मग:

"जांभळं हाय."

"तेच. सकाळपासून मला तेच दिसत होतं, भुकटीत नसताना."

"पर राखंत हाय की. मग खोटं कसं?"

"खोटं नाहीच, आत्याबाई."

"आन् ही तीस-चाळीस वर्सं होतं व्हय यात?" आईनं काच खाली घेतली, चुलीकडे बघितलं, जणू चूल काहीतरी लपवत आली होती. मग पुन्हा काच डोळ्याला लावली. "पुन्यांदा कर."

दुर्गानं पुन्हा केलं.

"गवऱ्यांच्या राखंत बी दिसंल?"

"दिसेल. किती ते बघायला हवं."

"आन् तुरकाट्यांच्या? थांब. कोपऱ्यात हायत, जाळ करते." आई उठलीसुद्धा. मला म्हणाली, "तू काय ठोंब्यागत हुबा हाईस? त्या उरल्याल्या नळ्या आन हिकडं. आन् चांगल्या धू. सात येळा. तुमी धुता तशा."

मी धुवायला घेतल्या. मागून दुर्गा विचारत होती, "आत्याबाई, काल सकाळी चुलीत लाकडं कसली होती हो? सरांना सांगायचंय." आई चुलीत तुरकाट्या मोडत होती, काच तिच्या पदराला गाठ मारून बांधलेली. "आता मधी बोलू नगं ग," ती म्हणाली. "बघू दे."

*

त्या रविवारी चुलीत बाभळीची लाकडं होती.